दिवाळीची सुट्टी मुलांना, रजा कोणाला? (वय ३ ते ८ वाल्या पालकांनी जरूर या)

धांदलबाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

थोरला पहिलीत, धाकटी साडेतीनची. राहतो भांडुपला. नवऱ्याचं ऑफिस अंधेरीत, माझं बीकेसीत. शाळेची सुट्टी वसुबारसेच्या आधीच लागते आणि भाऊबीज होऊन आठवडा उलटला तरी संपत नाही. ऑफिसला लक्ष्मीपूजन आणि पाडवा, बस. पाळणाघरवाल्या काकू नेमक्या तेव्हाच गावी जातात, आणि त्यांनी तरी का जाऊ नये? सासूबाई आमच्याकडेच असतात, पण त्यांचे गुडघे आणि ही दोन कार्टी यांची दिवसभर गाठ घालून देणं मला बरं वाटत नाही.

नवरा म्हणतो, दिवाळी शिबिरं असतात, टाक एखाद्यात. शिबिराची वेळ दहा ते एक. एकनंतर काय? आणि सोडायला-आणायला कोण जाणार?

तर तुम्ही लोक या दिवसांत मुलांचं काय करता? हातात मोबाइल न देता दिवस कसा ढकलता? आणि साफसफाई, खरेदी, फराळ हे कधी उरकता, रात्री बारानंतर?

"आमच्या वेळी असं नव्हतं" सोडून काहीही लिहा :)

गिरगावकर
आमच्या वेळी असं नव्हतं.

(राहवलं नाही हो.) पण खरं सांगायचं तर आमच्या वेळी फार थोर काही नव्हतं. चाळीच्या गॅलरीत पोरं सोडलेली असत, कोण कोणाकडे जेवलं याचा हिशेब संध्याकाळी लागायचा. माझा धाकटा भाऊ एकदा अख्खी दुपार बेपत्ता. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात, अनारशाच्या पिठाच्या डब्याला टेकून झोपलेला सापडला. सगळ्या चाळीचं पोरांकडे लक्ष असायचं असं आम्ही मोठ्या कौतुकाने सांगतो. ते लक्ष बायकांचं असायचं. पुरुष एकतर कामावर, नाहीतर पत्त्यांत.

टोस्टखारी
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. म्हणजे चिवड्याचे दाणे निवडायला घेतलेत, तेच तोंडात टाकतेय.

मनीप्लांट
धांदलबाई, सगळं आलं, पण नवऱ्याची रजा किती शिल्लक आहे ते कुठे आलं नाही.

आम्ही दोघं शाळेचं वेळापत्रक हातात आलं की कॅलेंडर घेऊन बसतो. दिवाळीआधीचे दिवस तो घरी, दिवाळीनंतरचे मी. यात एक गोम आहे. ऑफिसात सगळी मारामारी दिवाळीच्या आधीच्या आणि प्रत्यक्ष दिवाळीतल्या रजेसाठी असते. नंतरचा आठवडा कोणालाच नको असतो, मॅनेजर हसत देतो. आणि मुलांना आईबाप खरे हवे असतात ते तेव्हा. पाहुणे गेलेले, फटाके संपलेले, कपडे जुने झालेले, फराळाच्या डब्यात तळाचा चुरा, आणि शाळा अजून उघडायची. रडारड सगळी त्या आठवड्यात असते, अनुभव घ्या.

बदलापूर_स्लो
मनीप्लांट, मुद्दा मान्य. पण आमची बाजू पण ऐका. मी साहेबाकडे "मुलांना सुट्टी आहे, घरी बघायला कोणी नाही" म्हणून रजा मागायला गेलो तर त्याने विचारलं, "मिसेस आजारी आहेत का?" नाही म्हटल्यावर त्याला पुढे काय बोलावं सुचेना. शेवटी "गावी जमिनीचं काम आहे" असं सांगितलं तर लगेच मंजूर.

मनीप्लांट
@बदलापूर_स्लो, हसू की रडू? पण पुढच्या वेळी खरंच कारण लिहा. तुमच्यासारख्या चौघांनी लिहिलं की पाचव्याला जमीन काढावी लागणार नाही.

शाळाबाई
मी प्राथमिक शिक्षिका. सगळे आम्हाला विचारतात, एवढी सुट्टी कशाला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरवावी लागते, सहावी ते आठवीला २२०. राज्यातल्या शाळांना सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ च्या आत बसवायच्या असतात, रविवार सोडून. त्यामुळे ज्या शाळेने गणपतीत घसघशीत सुट्टी दिली, ती दिवाळीत हात आखडता घेते. ज्या नाताळात आठवडाभर बंद असतात, त्यांची दिवाळी आटोपशीर. म्हणून एकाच मजल्यावरच्या दोन घरांत सुट्टीच्या तारखा जुळत नाहीत, आणि "शेजारच्या आर्यनला तर शाळा आहे" हे ऐकावं लागतं.

एक विनंती. सुट्टीचा अभ्यास पहिल्या चार दिवसांत रडवून संपवू नका. रोज एक पान. आणि शेवटच्या रात्री आईच्या अक्षरातला निबंध आम्हाला ओळखू येतो.

टोस्टखारी
@शाळाबाई, वडिलांच्या अक्षरातला?

शाळाबाई
तो अजून पाहण्यात आला नाही.

रंगपेटी
मी स्वतः हस्तकलेची शिबिरं घेते, दिवाळीत आणि मेमध्ये, म्हणून आतली गोष्ट सांगते. तीन तासांच्या शिबिरात साडेतीन वर्षांच्या मुलाला पाठवू नका. आम्ही जाहिरातीत "३ ते १०" लिहितो, कारण तसं लिहावं लागतं. त्या वयाची मुलं पहिला तास रडतात, दुसऱ्या तासाला शू येते आणि तिसऱ्यात खाऊ. तुम्ही घरी आणता तो कंदील पुष्कळदा आमच्या मदतनीस मुलीने केलेला असतो. सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना मात्र मजा येते. थोरल्याला पाठवा, धाकटीला नको.

निवांत_अगदी
मी उलट म्हणेन. थोरल्यालाही नको. वर्षभर शाळा, मग अबॅकस, मग स्केटिंग, मग सुट्टीत शिबिर. या पोरांना कंटाळा येऊच देत नाही आपण. दुपारी दोन वाजता फरशीवर आडवं पडून पंख्याकडे बघणं हा बालपणाचा हक्क आहे. माझी लेक अशीच कंटाळून कंटाळून शेवटी उशांचे अभ्रे काढून त्यांची पोस्टमनची पिशवी करून घरभर पत्रं वाटत बसली.

मनीप्लांट
आणि अभ्रे परत कोणी घातले?

निवांत_अगदी
इथे आमचं नाव सार्थ होतं.

पवईची_पाल
निवांत, पंख्याकडे बघणाऱ्या मुलाकडे बघायला घरात कोणीतरी मोठं माणूस लागतं. धांदलबाईंचा प्रश्नच तो आहे. कंटाळा फुकट नसतो.

कुसुमआज्जी
मी वय वर्षं ६९, नातवंडं दोन, दादरला राहते. सूनबाईंच्या बाजूने सगळे लिहीत आहेत, सासूबाईंच्या बाजूने मी लिहिते.

धांदलबाई, तुम्ही गुडघ्यांचा विचार केलात, बरं वाटलं. बऱ्याच घरांत तो होत नाही. पण त्यांना विचारलंत का? आमच्याकडे मुलगा आणि सून माझ्यामागे ठरवत असत की आईला त्रास नको, आणि मला वाटायचं की आता माझ्यावर भरवसा राहिला नाही. शेवटी मीच एक दिवस सांगितलं. सकाळी दहा ते एक मी बघेन. त्यात गोष्ट सांगेन, वरणभात भरवीन, शुभंकरोती शिकवीन. पळापळ करणार नाही, खाली बागेत नेणार नाही, आणि एक वाजता माझं दार बंद. पुढची सोय तुम्ही करा. दुपारी एक कॉलेजची मुलगी तीन तास येते, तिला रीतसर पैसे देतो. संध्याकाळी मुलगा लवकर येतो.

दिवस असा तुकड्यांत वाटला की कोणाच्याच अंगावर येत नाही. मात्र तुकडे आधी ठरवावे लागतात. आणि आजीला गृहीत धरायचं नाही, तसं आजीला कपाटातही ठेवायचं नाही.

धांदलबाई
आज्जी, खरंच विचारलेलं नाही. आज रात्री बोलते.

गिरगावकर
आज्जींना साष्टांग. "एक वाजता माझं दार बंद" ही पाटी करून सगळ्या आजी-आजोबांना वाटली पाहिजे.

एचआरवाली
थोडं रुक्ष लिहिते, पण उपयोगी पडेल. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. ऑफिसातच हवं असं नाही, ठरलेल्या अंतरात चालतं, चार कंपन्या मिळूनही चालवतात. बीकेसीत तुमच्या कंपनीने कोणाशी करार केला आहे का, ते विचारा. पुष्कळ ठिकाणी सोय असते आणि कोणाला माहीत नसते. रोजच्यासाठी बीकेसीपर्यंत पोराला आणणं शक्य नसेल, पण सुट्टीच्या चार दिवसांसाठी धाकटीला ठेवता येतं का, असं विचारायला काय जातं.

बदलापूर_स्लो
सकाळी ८.१५ च्या लोकलने साडेतीन वर्षांची मुलगी घेऊन? विचारायला काही जात नाही, न्यायला जीव जातो.

एचआरवाली
@बदलापूर_स्लो, तेही खरंच आहे.

कोकणकन्या_नाही
सरळ गावी पाठवा. आमच्याकडे सुट्टी लागली की मुलं सावंतवाडीला, आजोळी.

पवईची_पाल
तिकिटं? रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० वरून ६० दिवसांवर आलं. लोकांना वाटलं आता मिळतील. कसलं काय, साठाव्या दिवशी सकाळी आठला खिडकी उघडते आणि चहा गाळेपर्यंत वेटिंग. आणि पाच ते बारा वयाच्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, हे पण लक्षात ठेवा. अर्ध्या भाड्यात मांडीवर घेऊन जावं लागतं, सहा वर्षांचा घोडा.

कोकणकन्या_नाही
म्हणून तर नाव "नाही" आहे. आम्ही एसटीने जातो.

डोंगरवाट
किल्ला! एवढे प्रतिसाद झाले, किल्ल्याचं नावच नाही?

धांदलबाई, तुमच्या थोरल्याच्या वयाला याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही. आमच्या सोसायटीत सेक्रेटरी म्हणाले, कंपाउंडमध्ये माती नको, टाइल्स खराब होतात. मग बाल्कनीत केला. मुंबईत माती विकत आणावी लागते, नर्सरीत लाल मातीची गोणी मिळते. खाली जुना प्लास्टिकचा कागद, त्यावर विटा आणि डबे उलटे घालून उंची करायची, वरून गोणपाट चिखलात बुडवून पांघरायचं. चिखल कालवायचं काम पोरांचं, तिथे मोठ्यांनी हात घालायचा नाही. मग हळीव पेरायचे. हळिवाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोंब दिसतात, म्हणून तेच घ्या. गहू पेरले तर पोरांचा धीर सुटतो. रोज सकाळी उठल्या उठल्या दात न घासता आधी बाल्कनीत जाऊन पाणी शिंपडायचं, हा आमच्या मुलाचा नेम.

गेल्या दिवाळीत त्याला जलदुर्गच हवा होता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे, आणि खांदेरी म्हणजे आपल्या शेजारचा, अलिबागजवळ थळच्या समुद्रातला. शाळेत बाईंनी नकाशा दाखवला होता. झालं. मोठी पितळी परात घेतली, पाण्यात निळी शाई ओतली, मधे दगड रचून खांदेरी. तटावर भिंगातून बघावे लागतील एवढे मावळे, महाराजांची मूर्ती मात्र बुरुजाच्या दुप्पट. धाकट्या बहिणीने आपलं आंघोळीचं पिवळं बदक आणून पाण्यात सोडलं. "हे कोण?" तर म्हणे सिद्दीचं आरमार. दोन दिवस घनघोर लढाई चालली. आईला चिवड्यासाठी परात हवी होती, ती म्हणाली उठवा ते. मुलगा परातीला मिठी मारून बसला, आणि चिवडा शेवटी बेबी टबमध्ये कालवला. नवा होता हो, नवा! धुऊन घेतला होता.

टोस्टखारी
डोंगरवाट यांच्याकडे चिवडा खायला जाणं रद्द.

शाळाबाई
माहितीसाठी, त्या बारांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तामिळनाडूत. मुलांना बाराच्या बारा नावं पाठ करायला लावू नका. एक किल्ला करा, त्या एकाची गोष्ट सांगा.

निवांत_अगदी
किल्ल्याला माझा पाठिंबा. त्यात पंख्याकडे बघायला वेळ मिळत नाही, पण चालेल.

बालडॉक्टर
बालरोगतज्ज्ञ आहे. दिवाळीत आमच्याकडे दोनच प्रकारची गर्दी, खोकला आणि भाजणं. त्यावर लिहितो.

पाऊस सरला की मुंबईची हवा धुऊन निघणं थांबतं, त्यात घराघरांत सफाईची धूळ, वर फटाक्यांचा धूर. ज्या मुलाला आधीपासून दम्याचा त्रास आहे, त्याचा पंप आणि स्पेसर दिवाळीआधी काढून बघा, औषध संपलेलं नाही ना. माळ्यावरचं सामान काढायच्या दिवशी त्या मुलाला घरात ठेवू नका.

फुलबाजी. सगळ्यांना ती निरुपद्रवी वाटते, म्हणून आपण तीन वर्षांच्या पोराच्या हातात देतो. तिच्या टोकाचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. विझल्यावर तार काळी दिसते, पण तापलेलीच असते, आणि पोरं अनवाणी. निम्मी प्रकरणं पायाची असतात. शेजारी पाण्याची बादली ठेवा, प्रत्येक तार त्यात. सुती कपडे, पायात चप्पल-बूट. नव्या घागऱ्याची ओढणी फटाक्यांच्या वेळी काढून ठेवा.

भाजलंच तर नळाचं साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. मग स्वच्छ कापड सैल ठेवून दवाखाना.

आणि मोबाइलचं कोणीतरी विचारलं होतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं, दोन वर्षांखाली अजिबात नाही, दोन ते पाचला दिवसाला एक तासाच्या आत. सुट्टीचे दिवस त्यातून वगळलेले नाहीत, क्षमस्व.

गिरगावकर
डॉक्टर, फटाक्यांवर बंदीच का नाही आणत? आमच्या इमारतीत रात्री बारालासुद्धा सुतळी बॉम्ब.

पवईची_पाल
वेळेची मर्यादा आहे की. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आधी संध्याकाळी ७ ते १० सांगितलं होतं, मग चारच दिवसांत ८ ते १० केलं. पाळतं कोण?

बदलापूर_स्लो
झालं, दर वर्षीचा धागा सुरू. फटाक्यांशिवाय दिवाळी म्हणजे मिठाशिवाय चिवडा. पोरांचा एवढा आनंद काढून घेऊ नका. वर्षभर गाड्यांचा धूर चालतो, दोन दिवसांचा नाही चालत.

बालडॉक्टर
@बदलापूर_स्लो, दमा असलेल्या मुलाचा आनंद पण धरा हिशेबात. भुईचक्र, पाऊस लावा, मैदानात लावा, आठ ते दहात लावा. माझी तक्रार बंद जिन्याखाली लावणाऱ्यांबद्दल आहे.

टोस्टखारी
आमच्या चिरंजीवांना फटाक्यांची भीती वाटते. ते कानात कापूस घालून टिकल्यांची पट्टी दगडाने ठेचतात, प्रत्येक टिकलीनंतर आजूबाजूला बघून घेतात. अख्खी संध्याकाळ जाते. स्वस्तात मस्त.

ॲडमिनमावशी
फटाके या विषयावर वेगळा धागा आहे, त्यात शेकड्यांनी प्रतिसाद आहेत आणि कोणाचंही मत बदललेलं नाही. इथे मुलांवरच बोला.

बाहेरभटक्या
बाप आहे, एकट्याने दोघांना फिरवतो, म्हणून मुंबईपुरतं लिहितो. मॉल नको, तिथे फक्त पैसे जातात आणि फरशीवर लोळणं होतं.

लहान मुलांना ठिकाणापेक्षा वाहनात रस असतो, हे एकदा कळलं की मुंबई पोरांसाठी फार सोपी आहे. भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे खाली उतरून मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. सरकते जिने हाच अर्धा दिवस. सीएसएमटीला उतरून एसी दुमजली बस, ११५ नंबर, एनसीपीएपर्यंत. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की पोरं ड्रायव्हर होतात. मग मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून घरून आणलेला डबा. दुपारी दोनच्या आत परत फिरायचं, चारनंतरची गाडी म्हणजे आत्महत्या.

राणीच्या बागेत नेणार असाल तर बुधवारी बंद असते, गेटपासून रडत परत आलेली पोरं मी पाहिली आहेत. पेंग्विन २०१६ मध्ये सोलहून आले, आता त्यांची पिल्लंही झाली. पण मुलांना काचेपलीकडच्या पेंग्विनपेक्षा बाहेरच्या रांगेतली मांजर जास्त आवडते, तयारी ठेवा. वरळीचं नेहरू सायन्स सेंटर होळी आणि दिवाळीचा दिवस सोडला तर उघडं असतं. तिथे सगळ्याला हात लावता येतो, हे सगळ्यात महत्त्वाचं.

मनीप्लांट
@बाहेरभटक्या, आमच्या ह्यांची शिकवणी घेता का?

गिरगावकर
बालनाट्य विसरलात. दिवाळी आणि मे, हे बालनाट्याचे हंगाम. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर काढलं, तेव्हापासून मुंबईतल्या किती पिढ्या सुट्टीत नाटकाला गेल्या. भांडुपकरांना मुलुंडचं कालिदास जवळ. तिकीट काढताना कडेची खुर्ची घ्या. चेटकीण आली की धाकट्यांना बाहेर न्यावं लागतं आणि पुन्हा आत यायचा हट्ट असतो, कारण चेटकीण बघायचीच असते.

रंगपेटी
वाचनाचं एक. 'किशोर' मासिक बालभारतीचं, १९७१ पासूनचं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. मी चित्रं छापून काढते आणि मुलं रंगवतात. आज्जींच्या सकाळच्या तुकड्यात हे बसेल.

धांदलबाई
दोन दिवस यायला जमलं नाही, धागा कुठल्या कुठे गेला! सगळं वाचलं.

सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तू विचारतेस की नाही." सकाळी साडेनऊ ते साडेबारा त्यांचा तुकडा, अट एकच, टीव्हीवर त्यांची मालिका लागली की कोणी मधे बोलायचं नाही. नवऱ्याने दिवाळीनंतरच्या आठवड्यात रजा टाकली आहे (मनीप्लांट, मुजरा). कारणाच्या रकान्यात "मुलांची सुट्टी" असंच लिहिलं. साहेबांनी अजून उत्तर दिलेलं नाही. थोरल्याला रंगपेटींसारख्या एका शिबिरात, फक्त एक आठवडा, इमारतीतली दुसरी आई सोडणार, मी दुपारची सोय बघणार. ऑफिसच्या पाळणाघराचं विचारलं. करार आहे! आमच्या टीममध्ये कोणालाच माहीत नव्हतं. पण धाकटीला लोकलने नेणं नाहीच जमणार.

लक्ष्मीपूजनाच्या आधीचे दोन दिवस अजून मोकळेच आहेत. तिथे काहीच जुळत नाहीये. घरून काम मागितलं आहे, म्हणजे काय होणार ते सगळ्यांना माहीत आहे.

पवईची_पाल
त्या दोन दिवसांत मीटिंग चालू असताना मागे "आई, माझी शी झाली" हे होणार. म्यूट करून ठेवा.

निवांत_अगदी
ते दोन दिवस फराळाचे करा. मुलांना हाताशी घ्या.

मनीप्लांट
@निवांत_अगदी, घरून काम, दोन मुलं आणि फराळ एकाच दिवशी? तुम्ही आयुष्यात कधी करंजी केली आहे?

निवांत_अगदी
खाल्ली आहे.

कुसुमआज्जी
लाडू, करंज्या विकत आणा. दादरला सगळं चांगलं मिळतं, आणि त्यात कमीपणा काही नाही, गृहउद्योगातल्या बायकांची दिवाळी त्यावर होते. घरी एकच पदार्थ करा, मुलांसाठी. शंकरपाळी सगळ्यात बरी. तुम्ही लाटून द्या, कातणं मुलांच्या हातात. आकाराकडे बघू नका. माझ्या नातीने एकदा अख्खी पोळी कातून "भारताचा नकाशा" केला, तोही तळला. लंकेसकट.

धांदलबाई
आज्जी, शंकरपाळी नक्की. पण नवऱ्याला चकली घरचीच लागते. गेल्या खेपेची भाजणी विकतची होती, चकल्या तेलात पडल्या की विरघळायच्या. प्रमाण सांगाल?

बदलापूर_स्लो
नवऱ्याला लागते तर नवऱ्याने पाडावी. (बायको शेजारी बसून लिहून घेतेय.)

कुसुमआज्जी
चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची डाळ, अर्धी मुगाची डाळ, पाव वाटी धणे, दोन चमचे जिरे. तांदूळ धुऊन सावलीत कोरडे करायचे. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, वास सुटेपर्यंत भाजायचं. गार झाल्याशिवाय गिरणीत द्यायचं नाही.

विरघळतात कारण मोहन जास्त. दोन वाट्या भाजणीला दोन टेबलचमचे कडकडीत तेल पुरे. पीठ गरम पाण्याने भिजवा आणि झाकून ठेवा.

रंगपेटी
आणि मळताना थोडं थोडं घ्या. सगळं एकदम मळून ठेवलं की शेवटच्या चकल्या तुटतात.

गिरगावकर
आमची आई पहिली चकली तळून मोडून बघायची. आत मऊ लागली की आच मोठी आहे. बाहेरून लाल दिसते आणि दुसऱ्या दिवशी डब्यात वातड होते. बुडबुडे बसल्यावरच काढा.